दोन हजारांचा राउटर आणि वीस माणसांचं ऑफिस

वागळेकर
काल इथे एकाने लिहिलं, 'वीस माणसांच्या ऑफिसला घरचा दोन हजारांचा राउटर पुरतो, बाकी सगळा व्हेंडर लोकांचा भीती विकायचा धंदा.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. वागळे इस्टेटमधल्या एका सीएंकडे असाच राउटर होता. रिटर्नचे शेवटचे दिवस, सगळे पोर्टलवर, आणि डबी एवढी गरम की तिच्यावर चहा ठेवावा. दर तासाला कोणीतरी उठून स्विच बंद-चालू करायचं, पाळ्या लावल्या होत्या! राउटर बदलला, लाइन तीच ठेवली, तक्रार संपली.

पण वेगाचं सोडा. इंटरनेटच्या तोंडावर बसणाऱ्या वस्तूला अपडेट किती वर्षं मिळणार, हे घेताना कोण विचारतं? २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने, म्हणजे घुसखोर सॉफ्टवेअरने, किमान पाच लाख उपकरणं पकडली. त्यात अशीच घरगुती आणि छोट्या ऑफिसांतली डबडी होती.

रबाळे_गाळा
तो 'एक' मीच. त्या पकडलेल्या उपकरणांत मायक्रोटिक कंपनीचे राउटरपण होते, तुम्हा मंडळींचे लाडके. ते सोयीस्कर विसरलात? आणि महाग म्हणजे टिकाऊ हे कोणी सांगितलं? २०१७ मध्ये खुद्द सिस्कोने, एवढ्या बड्या नेटवर्क कंपनीने, कबूल केलं की काही मॉडेलांमधला क्लॉकचा भाग दीडेक वर्षानंतर जाऊ शकतो, आणि गेला की डबा पुन्हा उठत नाही. माझा दोन हजारांचा सहा वर्षं चालू आहे. महागड्या डब्याच्या लायसन्स-रिन्युअलचे पैसे दरवर्षी तुम्ही भरणार का?

वागळेकर
मायक्रोटिकचं मान्य. विनबॉक्सचं, म्हणजे त्यांचा राउटर सेट करायच्या प्रोग्रामचं, भोकही व्हीपीएनफिल्टरच्याच वर्षीचं. पण ते एप्रिल २०१८ मध्येच बुजवलं गेलं. ज्यांनी अपडेट केलं नाही आणि विनबॉक्स जगाला उघडं ठेवलं, ते त्यानंतरही महिनोन्महिने सापडत राहिले. तुम्ही सहा वर्षांत फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कधी बदललंत? खरं सांगा.

घोडबंदर_अकाउंट्स
तुम्ही डब्यांवरून भांडा. आमच्याकडे डबा झकास आहे, ड्युअल वॅन (दोन लाइन जोडायची सोय), फेलओव्हर (एक गेली की आपोआप दुसरी), सगळं. दोन कंपन्यांच्या दोन लाइन. रस्त्याच्या कामात क्रेनने वायरी ओढल्या आणि दोन्ही एकदम गेल्या! नंतर कळलं, दोन्ही एकाच खांबावरून, एकाच पोराने टाकलेल्या. दुसऱ्या लाइनचे पैसे तीन वर्षं भरतोय.

महापे_आयटी
खांब तरी आहे तुमच्याकडे. आमच्या इमारतीत असोसिएशन एकाच केबलवाल्याला आत येऊ देतं. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, 'डक्ट भरला.' उघडून पाहिला, अर्धा रिकामा.

रबाळे_गाळा
आमच्याकडे केबलवालाच सेक्रेटरींचा मेहुणा!

वागळेकर
अहो, मुद्दा राउटरचा चाललाय.

घोडबंदर_अकाउंट्स
मुद्दा नेट चालण्याचा आहे, दादा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा कोणाचा राउटर कामाला आला? आमचा यूपीएसवर छान लुकलुकत होता. लाइन ज्यातून येते तो केबलवाल्याचा खालचा नेटवर्क स्विच मेलेला.

महापे_आयटी
म्हणून सिमवाला बॅकअप ठेवा, टॉवर तरी बहुधा वेगळ्या वाटेने जोडलेला असतो. फक्त सिमवर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा इंटरनेट पत्ता, सहसा मिळत नाही, सीजीनॅटमागे बसता, म्हणजे अनेकांत मिळून एकच पत्ता. बाहेरून आत यायचं तर टनेल, म्हणजे इंटरनेटमधली बंदिस्त खासगी वाट, ऑफिसकडूनच उघडावा लागतो.

रबाळे_गाळा
आम्हाला टनेल-बिनेल लागत नाही. टॅलीच्या (हिशोबाच्या) मशीनसाठी राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट फॉरवर्ड केलाय, घरून थेट उघडतं.

वागळेकर
काय??? ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुरून मशीन चालवायचं दार, सरळ इंटरनेटवर? आणि मला भीती विकणारा म्हणता! आमच्या ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा सगळा डेटा याच दारातून आलेल्या हॅकरांनी लॉक केला. बॅकअपची डिस्क त्याच मशीनला लावलेली, तीही गेली. दोन वर्षांची बिलं माणसं बसवून पुन्हा टाइप केली. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, २०२२ च्या आदेशात लॉग (कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायला सांगितलेत. तुमची डबी रीस्टार्ट झाली की कालचंही विसरते. कोण आत आलं, कसं कळणार?

रबाळे_गाळा
ओरडू नका. गाळा माझा, डेटा माझा.

महापे_आयटी
आणि पार्ट्यांचे जीएसटी नंबर? तेही तुमचेच?

रबाळे_गाळा (दुसऱ्या दिवशी)
पोर्ट बंद केला. मुलाने व्हीपीएन, म्हणजे तोच टनेल, लावून दिलं, आता टॅली घरून रांगत उघडतं, धन्यवाद. फर्मवेअर पण शोधलं. कंपनीच्या साइटवर शेवटचं २०१९ चं आहे. हसू नका. तरी चाळीस हजारांची फायरवॉल घेणार नाही. अपडेट मिळणारं, दहा हजारांच्या आतलं काही असेल तर सांगा.

वागळेकर
आहे की. हेच आधी विचारलं असतंत तर माझी एक रात्र वाचली असती.

घोडबंदर_अकाउंट्स
ते ठीक. माझ्या खांबाचं काय करू, ते कोणी सांगेल का?