मदत हवी आहे : बंद पडलेल्या वीजघराची नोंद सुरक्षितपणे कशी करावी?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावालगत एका जुन्या जिनिंग-प्रेसिंगचे (कापसातील सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याचे) वीजघर अनेक वर्षांपासून बंद पडून आहे. माझे वडील तेथे बॉयलरवर फायरमन (भट्टी पेटती ठेवणारे कामगार) होते, त्यामुळे इमारत पाडली जाण्यापूर्वी तिची छायाचित्रे व मोजमापे घेऊन ठेवावीत, अशी मनापासून इच्छा आहे. दोन भट्टीनळ्यांचा लँकेशायर बॉयलर (वाफ तयार करणारी आडवी टाकी) अजून जागेवर आहे आणि दाबमापकाची काच फुटली असली तरी काटा शून्यावर टेकलेला स्पष्ट दिसतो.

अडचण अशी की, वाफेच्या नळ्यांवरील पांढरट लेप हात लागताच भुगा होऊन झडतो. तो ॲस्बेस्टॉस (उष्णता रोखणारे तंतुमय खनिज) असल्यास त्याच्या तंतूंचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात व साध्या रुमालाने ते अडत नाहीत. बंद बॉयलरमध्ये तर गंजामुळेच प्राणवायू घटतो, म्हणून आत उतरण्याचा विचार मी सोडून दिला आहे.

लेपाचा नमुना स्वतः न हाताळता तपासणी कोठे करून घेता येईल, कोणता मुखवटा वापरावा आणि मालकी वारसांत विभागलेली असताना लेखी परवानगी सर्वांचीच घ्यावी लागेल काय? विनापरवाना प्रवेश मला करायचा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.