मदत हवी आहे: एसएसएलसी (दहावी), बीई आणि पासपोर्टवर भावाचं नाव तीन तऱ्हेचं. जर्मनीच्या अर्जाआधी काय दुरुस्त करावं?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. तो बेळगावात बीई मेकॅनिकल झाला आणि दोन वर्षं उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नोकरीला आहे. ओतलेल्या जॉबला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, का पडलं, वाळूत ओल किती होती, जेवतानाही त्याचं हेच चालू असतं. त्याला धातू आणि ओतकाम यातच पुढं मास्टर्स करायचंय. फ्रायबर्गचं खाणविद्या विद्यापीठ १७६५ सालचं, तिथं ओतकामाची वेगळी संस्था आहे. आखेनलाही आहे. ही दोन नावं त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत.

अडचण नावाची. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर त्याचं नाव आणि पुढं नुसती दोन इनिशियल्स, आडनावच नाही. आमच्याकडं बऱ्याच पोरांचं असंच आहे. पीयूसीलाही, म्हणजे बारावीला, तेच उतरलं. बीईला आडनाव आलं, पण 'चौगुला' म्हणून. फॉर्म भरताना कुणीतरी कन्नडातलं नाव इंग्रजीत उतरवलं आणि शेवटचं अक्षर बदललं. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पासपोर्ट आधारवरून काढला, तिथं 'चौगुले' बरोबर आहे. वडिलांचं नावही एकीकडं पूर्ण, एकीकडं आद्याक्षर.

नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीला शिकायला जायचं तर आधी एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र लागतं. फी १८,००० रुपये. ते दहावी, बारावी, पदवी सगळे कागद तपासतात. तीन नावं बघून फाईल अडली तर पैसे गेलेच, वर्षही जाईल. हिवाळी सत्राची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, पण काही विद्यापीठं मार्चलाच दार बंद करतात.

तेव्हा विचारायचं हे, की एसएसएलसीपासून सगळं दुरुस्त करत यावं, की पासपोर्टचं नाव धरून प्रतिज्ञापत्र करावं? गावातले दोघं दोन सांगतात.

दुसरं पैशाचं. फी फारशी नाही, पण ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे तिथल्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, म्हणजे १२ लाखांच्या आसपास. आमची तीन एकर शेती आहे, भात आणि काजू. शिक्षणकर्जासाठी बँकेत गेलो तर साहेबांनी उतारा उघडूनही बघितला नाही. शेतजमीन तारण चालत नाही म्हणाले. बाबा बाहेर येऊन बाकावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. त्यांच्या लेखी त्या जमिनीहून मोठं काही नाही. दुसरा मार्ग कुणाला माहीत असेल तर सांगा.

— मलप्रभाकाठ

उद्यमबाग ते जर्मनी:
ताई, मी याच वाटेनं आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. पासपोर्टला हात लावू नका. विद्यापीठ, एपीएस, व्हिसा, सगळीकडं तेच नाव चालतं. एसएसएलसीचं इनिशियल म्हणजे चूक नव्हे, आपल्या राज्यातली ती रीतच आहे. त्यासाठी स्टॅम्प पेपरवर, हे सगळे कागद एकाच व्यक्तीचे आहेत, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून इंग्रजीत करून घ्या. त्यात प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं, अक्षर न् अक्षर, आणि वडिलांचंही. माझं एवढ्यावर झालं.
'चौगुला' मात्र दुरुस्त करून घ्या. ती खरीच चूक आहे, आणि पदवी उद्या नोकरीतही दाखवायची. कॉलेजमार्फत व्हीटीयूला, म्हणजे पदवी देणाऱ्या विद्यापीठाला, अर्ज द्या. त्यांचं ऑफिस मच्छेला, ते काही लांब नाही, स्वतः जाऊन पोच घेऊन या. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र दाखला, दुरुस्तीनंतरच मागवा, नाहीतर त्यावरही जुनंच नाव छापून येईल.
आणि व्हिसाला मुंबईचा विचार करू नका. आपण कर्नाटकात राहतो, आपल्याला बंगळूर.

निपाणीकर:
ताई, मी बँकेतच होतो, आता निवृत्त. त्या साहेबांनी नीट बसवून सांगायला हवं होतं. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा आहे, त्यात कलम ३१ आहे, त्यात शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर त्या कायद्यानं बँकेला ती घेता येत नाही, म्हणून शिक्षणकर्जाला बँका ती धरत नाहीत. तुमच्या जमिनीची किंमत कुणी कमी केली नाही, हे बाबांना सांगा.
गावठाणात घर आहे का? असेल तर ग्रामपंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना ९ आणि ११ काढा. घर अजून आजोबांच्या नावावर असलं तर आधी वारसा लावून घ्या, वेळ त्यालाच जातो. ठेवपावती, विम्याची पॉलिसी हीसुद्धा तारणात धरतात. परदेशासाठी साधारण १५ टक्के रक्कम घरची घालावी लागते, ती आधीपासून बाजूला ठेवा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेचं कुणी सांगेल, पण ती देशातल्याच संस्थांसाठी आहे.

मलप्रभाकाठ:
दादा, काका, दोघांचेही मनापासून आभार. घर गावठाणातच आहे आणि अजून आजोबांच्याच नावावर. वारशाला आत्यांच्या सह्या लागतील. एक हल्याळला, एक चंदगडला. दोघींशी आत्ताच फोनवर बोलले, येत्या रविवारी घरी येतायत. कलम ३१ चं बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. भाऊ सोमवारी अर्धी रजा टाकून मच्छेला जातोय.
दादा, प्रतिज्ञापत्राचा मसुदा नाव झाकून इथं टाकता येईल का? बघून आमचा तयार करते.