जून-जुलैत हॉटेलांनी 'ताजं पापलेट' विकावं का?

भरतीओहोटी :
आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तरी मुंबईत याच दिवसांत हॉटेलांच्या फळ्यावर 'आजचा ताजा मासा : पापलेट, सुरमई' झळकत असतं. स्थानिक आणि ताजं म्हणून मिरवणाऱ्यांनी तरी या थाळ्या दोन महिने बंद ठेवाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. वाईट गोठवलेलं पापलेट तव्यावर टाकलं की पाणी सुटतं, रव्याचा थर निसटतो आणि काट्याला हात लावायच्या आत मांसाचा भुगा होतो. त्याला ताज्याचा भाव का मोजायचा? खाडीतल्या चिंबोऱ्या, तिसऱ्या द्या की.

गल्ल्यावरचा :
मी खानावळ चालवतो. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. ती उठली की तिकडचा मासा इथे येतो, अगदी कायदेशीर. आणि बोटीवरच नीट गोठवलेला मासा पाच दिवस बर्फात पडलेल्यापेक्षा कधीही सरस. पापलेट नाही म्हटलं की गिऱ्हाईक उठून शेजारी जातं. जागेचं भाडं जुलैत माफ होत नाही.

भरतीओहोटी :
बेकायदा कोण म्हणतंय? आंध्रचा मासा 'आजचा ताजा' कसा, एवढंच सांगा. फळ्यावर 'गोठवलेला' लिहा आणि खुशाल विका.

कांदळवन :
खाडीचा पर्याय मला पटत नाही. ठाणे खाडीत शहराचं सांडपाणी उतरतं. शिवाय सगळी हॉटेलं चिंबोऱ्यांवर तुटून पडली तर अंडीवाल्या माद्याही टोपलीत जाणार. समुद्राला सुट्टी द्यायची आणि खाडी ओरबाडायची, हा कुठला न्याय?

वलांडी :
मी कोळीवाड्यातली. पावसाळ्यात इथलं अन्न म्हणजे सुकी मासळी. उन्हात वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे याच दिवसांसाठी तर भरून ठेवतात. आई बाजारात टोपली घेऊन बसते, पण हॉटेलवाला एकही फिरकत नाही. स्थानिक हवं ना? मग बोंबील-बटाट्याचं कालवण लावा, सोड्यांची खिचडी लावा.

तिसरा मजला :
आमच्या इमारतीत खाली हॉटेल आहे. सुकट भाजली की वास थेट घरात शिरतो. मला स्वतःला सुकट आवडते, पण वर लहान मुलं, आजारी माणसं असतात. आधी धुराडं नीट बसवा, मग काय ते भाजा.

गल्ल्यावरचा :
वलांडीताई, जवळ्याची चटणी थाळीत उद्यापासून ठेवतो. सोडे मात्र फार महाग, साध्या थाळीच्या दरात बसत नाहीत. पापलेट बंद करणार नाही, पण फळ्यावरचं 'ताजा' पुसतो.

वलांडी :
दादा, खिचडीला सोडे मूठभर पुरतात. आधी स्वच्छ धुऊन घ्या, मग भिजवा आणि ते भिजवलेलं पाणी भातातच घाला. चव त्यातच असते. चटणीचा जवळा मात्र कोरडाच भाजा, तेल नंतर.