ट्रिब्युनल मेंबरची टर्म संपली की पुढे काय? फेरनेमणूक नेमकी कोण करतं?

टेबलखुर्ची:
नमस्कार मंडळी. माझं बढतीचं प्रकरण मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (ट्रिब्युनलमध्ये) आहे, युक्तिवाद जवळजवळ संपलेत आणि आता वकीलसाहेब म्हणतात मेंबरची, म्हणजे तिथे निकाल देणाऱ्याची, टर्म संपत आलीये, फेरनेमणूक झाली तर ठीक नाहीतर नव्या बेंचपुढे परत सगळं ऐकवावं लागेल. आता ही टर्म नक्की किती वर्षांची? कोण पाच सांगतं कोण चार. आणि खरा प्रश्न हा की ज्या सरकारविरुद्ध मी भांडतोय त्याच सरकारच्या हातात त्या मेंबरची पुढची टर्म असेल तर तो शेवटच्या काही महिन्यांत सरकारच्या विरोधात निकाल देईल का हो? वकिलांना विचारलं तर नुसते हसले.

वकीलीणबाई:
दादा, पाच म्हणणारे आणि चार म्हणणारे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, घोळच तसा आहे. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यात पाच वर्षं आणि वयोमर्यादेत बसत असाल तर आणखी एक टर्म असं होतं. मग 2017 च्या वित्त कायद्याने हे नियम ठरवायचं काम सरकारकडे घेतलं आणि टर्म केली तीन वर्षं. 2019 मध्ये रोजर मॅथ्यू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते नियम उडवले. 2020 ला नवे नियम आले, चार वर्षं. कोर्ट म्हणालं पाच करा. एप्रिल 2021 मध्ये सरकारने अध्यादेश काढून परत चारच, जुलैत कोर्टाने ते कलम रद्द केलं, आणि ऑगस्टमध्ये संसदेने कायदाच करून टाकला, त्यात पुन्हा चार! शेवटी नोव्हेंबर 2025 मध्ये सरन्यायाधीश गवई आणि न्या. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने, रद्द झालेलं तेच किरकोळ बदल करून परत आणलंय असं म्हणत त्या तरतुदी पाडल्या आणि चार महिन्यांत ट्रिब्युनलच्या नेमणुका आणि कारभार बघणारा राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग नेमा असंही सांगितलं. त्यामुळे तुमच्या मेंबरची नेमणूक कधीची आणि कुठल्या आदेशाने झालीये ते आधी बघा, मुदत तिथे लिहिलेली असते.

फाईलबहाद्दर:
ताईंनी इतिहास छान सांगितला पण दादाचा प्रश्न वेगळा आहे, दबावाचा. माझ्या मते चार की पाच हा वाद दुय्यम आहे, खरी मेख फेरनेमणुकीत आहे. 2021 च्या कायद्यात राज्याच्या ट्रिब्युनलसाठी जी निवड समिती ठेवली होती ती बघा, अध्यक्ष हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि निर्णायक मतही त्यांचंच, हे उत्तम, पण सोबतच्या सदस्यांत कोण तर राज्याचे मुख्य सचिव आणि लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष. आता मॅटमध्ये जवळपास प्रत्येक केसमध्ये प्रतिवादी कोण असतं? राज्य शासन. बदली, निलंबन, विभागीय चौकशी, सगळीकडे तेच. भरतीची केस असेल तर लोकसेवा आयोग पण प्रतिवादी. म्हणजे आज ज्यांच्या विरोधात निकाल लिहायचा त्यांच्यापुढेच उद्या फेरनेमणुकीसाठी जायचं. मेंबर कितीही सरळ असो, हरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनात शंका राहतेच ना, आणि निकालावर विश्वास बसायला तीच शंका नको असते. एकदाच सात-आठ वर्षांची टर्म द्या आणि फेरनेमणूक बंद करा, विषय संपला.

निवृत्त_कक्षअधिकारी:
विषय संपत नाही साहेब 😄 फेरनेमणूक बंद केलीत तर रिकाम्या खुर्च्यांचं काय करणार? मेंबर गेला की जाहिरात, अर्ज, छाननी, समितीची बैठक, मग शिफारस, मग त्या फाईलवर सही कधी होईल ती होईल, आणि तोवर बेंच बसतच नाही कारण डिव्हिजन बेंचला एक न्यायिक आणि एक प्रशासकीय असे दोन लागतात, एक नसला की दुसरा असून उपयोग नाही. फेरनेमणुकीत निदान कामाला सरावलेला माणूस तरी टिकतो. आणि चांगली प्रॅक्टिस असलेला वकील पन्नाशीत सगळं सोडून चार वर्षांसाठी येईल का, पुढची टर्म मिळायची शक्यता पण नसेल तर? शिवाय ज्या ट्रिब्युनलचा मेंबर होता तिथे नंतर वकिली पण करता येत नाही. मग येणार कोण तर निवृत्त जज आणि आमच्यासारखे निवृत्त बाबू.

फाईलबहाद्दर:
अहो म्हणून तर सात-आठ म्हणतोय, चार नाही! आणि खुर्ची रिकामी राहते ती जाहिरात उशिरा निघते म्हणून. मुदत कधी संपणार ही तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असते, सहा महिने आधी प्रक्रिया सुरू करायला कुणी अडवलंय? गंमत म्हणजे बदल्यांच्या 2005 च्या कायद्यात कर्मचाऱ्याचा नेमणुकीचा साधारण कालावधी तीन वर्षं ठरवलाय आणि तो पाळला नाही की लोक मॅटमध्येच येतात, आणि इथे मॅटच्या मेंबरच्याच मुदतीचा घोळ.

टेबलखुर्ची:
वाचून डोकं गरगरलं पण कळलं. मग मी आत्ता काय करू ते सांगा ना.

वकीलीणबाई:
वकिलांना सांगा लेखी युक्तिवाद लगेच दाखल करा आणि मुदत संपायच्या आतली तारीख मिळावी म्हणून बेंचपुढे मेन्शन करा, म्हणजे तोंडी विनंती करा. निकाल राखून ठेवला आणि तो द्यायच्या आत मेंबर गेले तर परत ऐकावं लागतं, म्हणून राखून ठेवल्यावर पण पाठपुरावा सोडू नका. आणि निकाल विरोधात गेलाच तर सुप्रीम कोर्टाच्या एल. चंद्रकुमार केसमधल्या 1997 च्या निकालामुळे हायकोर्टाच्या खंडपीठापुढे रिट याचिका करता येते, तिथले न्यायमूर्ती स्वतःच्या फेरनेमणुकीची वाट बघत नसतात.