ब्रोशरमधलं शस्त्र आणि लढाईतलं शस्त्र, नेमका किती फरक पडतो?

सांगलीचा_पप्या
नमस्कार मंडळी. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षानंतर आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळेच संरक्षणतज्ज्ञ झालेत, अमुक मिसाईलची रेंज इतकी, तमुक रडार एका वेळी इतकी टार्गेटं बघतं, अचूकता म्हणे ९० टक्के. ही कुठे मोजली असं विचारलं की लगेच "तू कुणाच्या बाजूचा". माझा प्रश्न साधा आहे. ही गुंतागुंतीची शस्त्रं खरंच लढाईत उतरतात, धूळ, थंडी, तीन रात्री न झोपलेली पोरं, समोरचा शत्रू पण काही बावळट नसतो, तेव्हा कागदावरच्या आकड्यातलं उरतं किती? टीव्हीवरचं नको प्लीज, ज्याची नंतर नीट चौकशी झाली, कागद बाहेर आले असं काही माहिती असेल तर सांगा. आणि साधं शस्त्र बरं की अवघड हा वाद पण ग्रुपवर पेटलाय, एके-४७ वाले एका बाजूला आणि उरलेले एका बाजूला.

अर्धविराम
चौकशी झालेलंच पाहिजे तर पेट्रियट. १९९१ चं आखाती युद्ध, इराक स्कड मिसाईलं डागतोय आणि अमेरिकेचं पेट्रियट, म्हणजे मिसाईल पाडणारं मिसाईल, ती हवेतल्या हवेत उडवतंय, सगळं जग टीव्हीवर बघतंय. १५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष थोरले बुश पेट्रियट बनवणाऱ्या कंपनीच्या अँडोव्हरच्या कारखान्यात जाऊन कामगारांसमोर बोलले, ४२ स्कडवर मारा केला, ४१ पाडली. त्यानंतर दहाच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, सौदीत धाहरानला एक स्कड सरळ बराकीवर येऊन पडलं, २८ अमेरिकन सैनिक गेले. आणि तिथल्या पेट्रियटने त्या स्कडवर काहीच सोडलं नाही!

कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल, निदान कोड लिहिणारे तरी लावतील. सिस्टीमचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं. ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण लिहिताच येत नाही, तो न संपणारा निघतो, मग २४ बिटात बसवायला त्याची शेपटी कापली. एका टिकला चूक अगदी नगण्य, पण मशीन बंद न करता जितका वेळ चालवाल तितकी ती साठत जाते. ८ तासांनी रडारची बघायची जागा ५५ मीटर सरकते, इथपर्यंत चालून जातं. धाहरानची बॅटरी (म्हणजे रडार आणि लाँचर मिळूनचा एक संच) सलग १०० तासांच्या वर चालू होती. चूक साधारण ०.३४ सेकंद, आणि स्कड सेकंदाला दीड किलोमीटरपेक्षा जास्त पळतं, म्हणजे जागा झाली ६८७ मीटर इकडची तिकडे. रडारला आधी काहीतरी दिसलं, मग हिशोबाप्रमाणे पुढच्या ठिकाणी बघितलं, तिथे काहीच नाही, म्हणजे भास होता, सोडून द्या.

बरं हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. इस्रायलवाल्यांनी ११ फेब्रुवारीलाच सांगितलं होतं की जास्त वेळ चालवलं की नेम ढळतो. १६ ला सुधारलेलं सॉफ्टवेअर तयार, २१ ला सगळ्यांना निरोप गेला की "फार जास्त वेळ" चालू ठेवलं तर गडबड होऊ शकते. फार म्हणजे किती तास ते कुणी लिहिलंच नाही. नवं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात नुसतं रीस्टार्ट मारलं असतं तरी काम झालं असतं, मिनिट-दीड मिनिटाचा प्रश्न होता.

आता यात मूर्ख कोण? मला विचाराल तर कोड लिहिणारा नाही. पेट्रियट बनवलं युरोपात सोव्हिएत विमानं पाडायला, तिथे बॅटरी एका जागी काही तास थांबणार, मग गाशा गुंडाळून पुढे, असंच धरलेलं होतं. चार-चार दिवस वाळवंटात एकाच जागी चालू राहील हे कुणाच्या टेस्ट प्लॅनमध्येच नव्हतं.

आणि ते ४२ पैकी ४१ चं काय झालं? लष्कराने स्वतःच आकडा खाली आणला, मग अजून खाली आणला, आणि १९९२ मध्ये त्यांच्या संसदेच्या हिशोब तपासनीसांनी कागद बघितले तेव्हा स्कडचा दारूगोळा नक्की फुटला असा भक्कम पुरावा मिळाला साधारण ९ टक्के वेळाच. इराक्यांनी रेंज वाढवायला स्कड ताणून लांब केली होती, ती खाली येताना तुटायची, तुकडे गिरक्या घेत यायचे, पेट्रियट एखाद्या तुकड्याजवळ फुटायचं. खालून बघणाऱ्याला आकाशात मोठा उजेड दिसतो, टाळ्या. त्यामुळे मे २०२५ च्या आकड्यांवर, दोन्ही बाजूंच्या बरं का, मी सध्या तरी काही बोलणार नाही.

कोल्हापुरी_चप्पल
म्हणून म्हणतो एके-४७ ला तोड नाही, चिखलातून काढा आणि चालवा 😄

तोपची_निवृत्त
अर्धविराम, छान लिहिलंत. मी तोफखान्यातला, देवळालीला शिकलो, आता नगरला असतो. कारगिलचं थोडं सांगतो, जे छापून आलंय तेवढंच.

बोफोर्स ही काही साधी तोफ नाही, १५५ मिलिमीटर, स्वतःचं इंजिन, हायड्रॉलिक्स, काही सेकंदात तीन गोळे. विकत घेताना जो गोंधळ झाला तो सगळ्यांना पाठ आहे. कारगिलला तिने करून दाखवलं यात वादच नाही. पण पहिल्या दिवसापासून पुस्तकाप्रमाणे चालली असं समजू नका. प्रत्येक तोफेला फायरिंग टेबल असतं, इतक्या अंतराला इतका चार्ज (गोळ्यामागची दारू), इतकं एलिव्हेशन (नळीचा कोन). द्रासच साडेदहा हजार फुटांच्या वर, टायगर हिल साडेसोळा हजारांच्या आसपास. हवा विरळ, गोळ्याला अडवायला काही नाही, तो टेबलापेक्षा लांब जातो. ऐकायला झकास वाटतं, रेंज वाढली. वाढलीच, २४ किलोमीटरवाली तोफ तिथे ३० च्या पुढे गेली. पण शत्रूचा संगर (दगड रचून केलेला मोर्चा) कुठे, तर डोंगराच्या धारेवर. मैदानात गोळा १०० मीटर पलीकडे पडला तर पुढचा दुरुस्त करता येतो, आणि पहिल्याचाही थोडा धसका बसतोच. धारेवर १०० मीटर पलीकडे म्हणजे गोळा मागच्या दरीत, ओपीतल्या (पुढच्या निरीक्षण चौकीतल्या) अधिकाऱ्याला धूर पण दिसत नाही, दुरुस्ती कशावरून सांगणार? आणि वारा प्रत्येक उंचीला वेगळा, दरीत एक, माथ्यावर एक. मग एकेक गोळा टाकून, बघून, वहीत लिहून आमच्या लोकांनी नवे आकडे बसवले. शेवटी काही तोफा इतक्या पुढे आणल्या की डोळ्यांनी टार्गेट बघून सरळ नेम धरला, मोठ्या तोफेचं हे काम नव्हेच, पुढे आणली की तीही शत्रूला दिसते.

एकूण अडीच लाखांच्या वर गोळे आणि रॉकेटं गेली त्या युद्धात. टायगर हिल घेतलं त्या दिवशी एका दिवसात ९ हजारांच्या वर. इतका मारा करायचा म्हणजे रस्ता, ट्रक आणि गोळे उचलणारी माणसं. त्या उंचीवर ४०-४५ किलोचा गोळा उचलून बघा एकदा, दम कसा लागतो ते कळेल. हे ब्रोशरमध्ये नसतं.

हवाई दलाला पण हवेने आधी असंच शिकवलं. २७ मे १९९९ ला रॉकेट डागताना मिग-२७ चं इंजिन बंद पडलं, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पकडले गेले. दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून सोडायच्या स्टिंगर मिसाईलने पाडलं, त्याच्यावर फ्लेअर (मिसाईलला चकवणारे जळते गोळे) नव्हते. त्यानंतर हल्ल्याची पद्धतच बदलली.

दर्यावर्दी
माझ्या मते या विषयातला बादशहा म्हणजे अमेरिकन पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो, दुसऱ्या महायुद्धातला. एकेक नग १० हजार डॉलरचा, त्या काळचे! इतका महाग की पैसे वाचवायला धड चाचण्याच केल्या नाहीत. त्याच्यात चुंबकीय फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) होता, जहाजाच्या तळाखालून जाताना लोखंडामुळे बदललेलं चुंबकीय क्षेत्र ओळखून फुटायचं अशी भारी कल्पना. खरा दारूगोळा घालून त्याची चाचणी १९२६ ला घेतली, दोन सोडले, त्यातला एक फुटला, झालं, पास. नंतर सगळं गुपित म्हणून कपाटात, बोटींवरच्या लोकांना सुद्धा नीट दाखवलं नाही.

१९४१ ला युद्ध लागलं आणि कॅप्टन लोक बोंबलायला लागले, बोटीवरून आवाज येतोय टॉर्पेडो लागल्याचा पण फुटत नाही, नाहीतर आधीच फुटतो, नाहीतर खालून निघून जातो. वरचे म्हणणार तुमचा नेम चुकतोय. शेवटी जून १९४२ मध्ये ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियात समुद्रात मासेमारीची जाळी लावली आणि त्यातून टॉर्पेडो सोडले, भोक कुठे पडलं ते मोजलं. जवळजवळ १० फूट जास्त खोल. कारण चाचणी हलकं डोकं (दारूगोळ्याचा पुढचा भाग) लावून केली होती, खरं डोकं जड. जाळं आणि मोजपट्टी, एवढ्याने काम झालं.

खोली सुधारली तर चुंबकीय फ्यूज दगा द्यायला लागला, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं ना. तो जून १९४३ मध्ये बंद केला. तर आता साधा धडक फ्यूज फुटेना! २४ जुलै १९४३, टिनोसा पाणबुडीने एक मोठं जपानी तेलवाहू जहाज गाठलं, सुरुवातीचे टॉर्पेडो तिरके लागले त्यांनी ते बंद पडलं, मग कॅप्टनने निवांत काटकोनात उभं राहून एकामागून एक सोडले, सगळे लागले, एकही फुटला नाही. एक शिल्लक ठेवून तो तपासायला घेऊन परत आला, कसला चिडला असेल. मग हवाईत क्रेनने ९० फुटांवरून टॉर्पेडोची डोकी लोखंडी पत्र्यावर आपटून बघितली. सरळ आपटलं की दहातली सात फुटत नव्हती, तिरकं आपटलं की बऱ्यापैकी फुटत होती. म्हणजे ज्याचा नेम एकदम परफेक्ट, त्याचाच टॉर्पेडो फुसका. फ्यूजमधली पिन दणक्याने वाकायची. एका दोषाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, आणि पहिला काढल्याशिवाय पुढचा दिसतच नव्हता. पावणेदोन वर्षं गेली त्यात.

सांगलीचा_पप्या
बाप रे, हे मला अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे अवघड शस्त्र घेऊच नये का? एके-४७ वाले बरोबर?

मधली_सुट्टी
थांबा की राव, इतक्यात निकाल नको. एके-४७ वाल्यांना सांगा अमेरिकेची एम-१६ रायफल व्हिएतनाममध्ये अडकायची ती अवघड होती म्हणून नाही. वेगळी दारू वापरली, तिने काजळी जास्त धरली आणि गोळीबाराचा वेग वाढला, चेंबरला (गोळी बसते त्या जागेला) क्रोमचा मुलामा दिला नाही, आणि वर जवानांना सांगितलं ही साफ करायची फारशी गरज नाही, साफसफाईचं किटच पुरेसं दिलं नाही. १९६७ मध्ये तिकडच्या संसदेच्या समितीने झाडलं सगळ्यांना. क्रोम दिला, बफर बदलला, किट दिलं, तीच रायफल त्याच घराण्यात आजपर्यंत चालू आहे.

आणि अवघड शस्त्र चाललेलं पाहिजे तर लांब कशाला, ४ डिसेंबर १९७१. रशियन मिसाईल बोटी बंदराच्या रक्षणासाठी केलेल्या, छोट्या, इंधन थोडं, लांब जाणं त्यांच्या कामातच नव्हतं. आपल्या नौदलाने त्या मोठ्या जहाजांनी ओढत नेऊन बघितल्या, जमतंय म्हटल्यावर कराचीवर नेल्या. रात्री मिसाईल सोडली, खैबर नावाची विनाशिका बुडाली, मुहाफिझ नावाची सुरुंग काढणारी बोट बुडाली. खैबरने बुडायच्या आधी बिनतारी निरोप दिला तो असा की शत्रूच्या विमानांनी हल्ला केलाय! त्यांना मिसाईल आहे हेच कळलं नाही. नौदल दिन त्याच तारखेला असतो. इथे ब्रोशरमध्ये नसलेलं काम शस्त्राने केलं, कारण चालवणाऱ्यांनी आधी सराव करून ते कुठवर ताणता येतं ते बघून ठेवलं होतं.

कारगिलला सुद्धा मिराज विमानांवर लाइटनिंग पॉड (लक्ष्यावर लेझर धरणारं यंत्र) आणि लेझर बॉम्बचा मेळ युद्ध चालू असतानाच घातला गेला, इस्रायली मदतीला होते, आणि २४ जून १९९९ ला टायगर हिलवर तो पडला. लेझर बॉम्ब हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच टाकले, ढग आले की लेझर गप्प. पण जिथे दिसलं तिथे काम झालं. तोपचीकाका, बरोबर ना?

तोपची_निवृत्त
बरोबर. फक्त एक, लेझरने फोडली ती मोजकी ठिकाणं. डोंगर पायदळाने चढूनच घेतले.

अर्धविराम
युक्रेनचं पण राहिलं. एक्सकॅलिबर नावाचा जीपीएसवाला गोळा सुरुवातीला मस्त लागत होता, मग रशियाने जीपीएस जॅम करायला सुरुवात केली आणि तो भरकटायला लागला. गोळा तोच, कारखाना तोच. म्हणजे अचूकतेचा आकडा हा तारीख लावून वाचायचा. आणि जर्मन पँझरहाउबित्झे २०००, जगातली भारी, रणगाड्यासारखी स्वतः चालत जाणारी तोफ, २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनला दिल्यावर काही आठवड्यांतच स्क्रीनवर एरर यायला लागले. जर्मन लष्कराच्या हिशोबाने दिवसाला १०० गोळे म्हणजेच खूप, युक्रेनवाले त्याहून जास्त मारत होते, करणार काय, समोर रशिया. मग दुरुस्तीला तोफा सीमेबाहेर, लिथुआनियापर्यंत न्यायच्या, यायला-जायला दिवस. विकत घेताना सुटे भाग किती आणि वर्कशॉप कुठे हे कोणी विचारतं का टीव्हीवर?

सांगलीचा_पप्या
सगळ्यांचे आभार, ग्रुपवर टाकतो, भांडणं होणारच 😀 तोपचीकाका, नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे ना, तिथे यातलं काही बघायला मिळेल का?

तोपची_निवृत्त
पॅटन बघा, पाकिस्तानकडचा अमेरिकन रणगाडा. १९६५ ला त्याची फार हवा होती, रात्री बघायची सोय, मोठी तोफ, गणकयंत्रासारखा नेम धरायचा सरंजाम. आपल्याकडे सेंच्युरियन आणि जुने शर्मन. पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, उसात दडून बसले, पॅटन चिखलात रुतले आणि बाजूने मार खाल्ला, ९७ रणगाडे गेले म्हणतात. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने मारले ते तिथेच. पॅटनमध्ये खोट होती असं मी म्हणणार नाही, पण अंतर मोजायचं ते नाजूक यंत्र वापरायला जे शिक्षण लागतं ते त्या पोरांना मिळालं नव्हतं असं आमचे उस्ताद सांगायचे. आत डोकावायला मिळालं तर गनरच्या जागेत किती खटके आहेत ते मोजा. रविवारी येणार असाल तर मेसेज करा, मी इथेच असतो.