मदत हवी आहे: पोल्ट्री शेडला गॅसची रेडिअंट ट्यूब, क्षमता किती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात खाडीच्या बाजूला आमची ब्रॉयलरची शेड आहे. कमरेएवढी चिऱ्याची भिंत, वर जाळी आणि पडदे, छपराला साधे पत्रे. पाच हजार पिल्लांचं ब्रुडिंग, म्हणजे सुरुवातीचे दिवस त्यांना ऊब देणं, ३० बाय ८० फुटांचा भाग पडदे लावून अलग करून करतो. आजवर उघड्या ज्योतीचे गॅस ब्रूडर लावत आलो.

अडचण पावसाळ्यातली. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि ब्रूडरला धुराडं नसल्यामुळे ते सगळं शेडमध्येच राहतं. बाहेरची हवा आधीच ओली. खाली अंथरलेला तूस मुठीत दाबला की लाडू वळतो, सकाळी पडदा उचलला की अमोनियाने डोळे चुरचुरतात, आणि मागोमाग कॉक्सी (आतड्याचा रोग) ठरलेली. पडदे उघडावेत तर पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात. म्हणून रेडिअंट ट्यूब घ्यायचं ठरतंय: गॅस नळीच्या आत जळतो, तापलेली नळी ऊब देते आणि धूर बाहेर जातो.

विक्रेता ४५ किलोवॅटच्या दोन ट्यूब सांगतोय. हिशेब विचारला तर ‘एवढ्या शेडला एवढंच लागतं’ म्हणाला. माझा हिशेब असा: पत्रे २३० चौरस मीटर, पडदे आणि टोकाच्या बाजू मिळून १७०, हवा तासाला तीनदा बदलते असं धरलं. आत-बाहेर एका अंशाचा फरक राखायला सव्वातीन किलोवॅट येतात. पावसाळ्यात रात्री फरक सातेक अंशांचा, म्हणजे २३ किलोवॅट. जानेवारीच्या पहाटे १४ धरला तर ४५. मग ९० कशाला?

दुसरं, पत्र्याखाली ताडपत्रीचं फॉल्स सीलिंग करावं म्हणतोय. ट्यूब त्याखाली टांगली तर धोका किती? आणि खाऱ्या हवेत या नळ्या टिकतात का? आमचे पत्रे बघितलेत तर प्रश्न का पडला ते कळेल.

वाफसा:
हिशेब बरोबर वाटतो, फक्त धुराबरोबर जाणारी दहा-पंधरा टक्के उष्णता त्यात धरा. सीलिंग केलंत तर पत्र्यातून जाणारी उष्णता निम्म्यावर येईल. शिवाय ट्यूब हवेआधी तूस आणि पिल्लं तापवते, त्यामुळे हवा दोन-तीन अंश कमी असली तरी चालतं. पंचवीसच्या दोन घ्या. एकच मोठी नको: ८० फुटांत ऊब सारखी पोचणार नाही, आणि ती बंद पडली तर सगळंच बंद.

सरळ नळीपेक्षा यू आकाराची मागा. बर्नरकडचं टोक खूप तापतं, धूर निघतो ते टोक त्यामानाने थंड. सरळ नळी असली की पिल्लं एका टोकापासून पळतात आणि दुसऱ्या टोकाला गठ्ठा करून बसतात. यू मध्ये गरम आणि थंड बाजू शेजारी येतात.

ताडपत्री मात्र नको! निदान ट्यूबच्या वर तरी नको. कंपनीच्या पुस्तिकेत वर, खाली आणि बाजूला किती अंतर सोडायचं ते दिलेलं असतं, ते इंचभरही कमी करू नका. पडदा वाऱ्याने आत फुगतो, ते अंतरही मोजा.

चिरेखाण:
गॅस पुरवठ्याचं कोणी बोललं नाही. पन्नास किलोवॅट पूर्ण चालले तर तासाला चार किलोच्या आसपास गॅस जाईल. १९ किलोचा एकच बाटला एवढी वाफ देऊ शकत नाही. तो बाहेरून घामेजतो, मग बर्फ धरतो, दाब पडतो आणि बर्नर बंद. त्यावर गरम पाणी ओतणारे महाभाग पाहिलेत, तसलं काही करू नका. पाच बाटले मॅनिफोल्डला (सामाईक पाइपला) एकत्र जोडा, म्हणजे ९५ किलो. १०० किलोच्या वर साठा गेला की पेसोचा (केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याचा) परवाना लागतो, आणि राखीव बाटलेही त्यातच मोजतात.

नळी ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या स्टीलची किंवा स्टेनलेसची मागा. बर्नरला हवा शेडच्या बाहेरून पाइपने द्या, नाहीतर तुसाची धूळ आणि अमोनिया त्याची वाट लावतील. धुराड्याचं तोंड खाडीच्या वाऱ्याकडे नको. नळीला त्या टोकाकडे थोडा उतार ठेवा, आत पाणी साचायला नको.

धागाकर्ते:
दोघांचेही आभार. सीलिंगला पत्र्याखालीच न जळणारी शीट बघतो. दोन प्रश्न राहिले. लाईट गेली तर काय? आणि थर्मामीटर कुठे लावायचा?

वाफसा:
ट्यूबमध्ये हवा खेळवणारा पंखा थांबला की प्रेशर स्विच गॅस तोडतो, त्यामुळे भीती नाही, पण ऊबही जाते. पंख्याला वीज फार लागत नाही, इन्व्हर्टरवर टाका. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, त्याचं टोक काळा रंग दिलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूत घालून. उघडा लावलात तर तो मुख्यतः हवेचं तापमान दाखवेल, पिल्लांना लागणारी ऊब नाही.