दिन, सण की कर? चिमणीचा नेमका कोणता?

पंचवटीतली आई : लेकीच्या शाळेच्या फाटकावर फलक लागला होता, 'जागतिक चिमणी दीन, 20 मार्च'. ती विचारते, "आई, चिमणी गरीब आहे का गं?" ते हसण्यावारी नेलं, पण पुढच्या प्रश्नाला अडले. चिमणीचा 'दिन' का? 'सण' का नाही?

उपनगरकर : आधी फलक. तीळ, फूल, मूल या शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, म्हणून रंगवणाऱ्यानं 'दीन'ही दीर्घ केला. पण 'दिन' तत्सम आहे. संस्कृतात ऱ्हस्व म्हणून इथंही ऱ्हस्वच, जसे गुण, विष, सुख. 'दीन' म्हणजे दुबळा, बापडा. लेकीचं बरोबर होतं! आणि हा दिवस परका समजू नका. नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं 2010 साली तो पहिल्यांदा पाळला गेला.

जुन्या नाशकातला : 'दिन' आणि 'सण' ओळखायची माझी खूण म्हणजे क्रियापद. 'दिन' फक्त साजरा होतो, फार तर पाळला जातो. मराठी भाषा गौरव दिन घ्या, 27 फेब्रुवारी, आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिवस. अभिमानाचा दिवस, पण त्याला स्वतःचं क्रियापद नाही. उलट होळी पेटते, धुळवड खेळतात, भोगी खातात ('न खाई भोगी तो सदा रोगी'), वीर मिरवतात. धुळवडीला घरोघरचे वीरांचे टाक गोदावरीवर स्नानाला जातात, दाजीबा वीर बाशिंग बांधून निघतो. त्याला कुणी 'वीर दिन' म्हणून बघा!

मूळची वऱ्हाडातली, आता सिडकोत : आमच्याकडे पोळा *फुटतो*. तोरणाखाली बैल उभे करतात, तोरण तुटलं की सगळे सुटतात, तो पोळा फुटला. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर, पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा, आणि नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत!' ही 'कर' नाशकात ऐकू येते का?

जुन्या नाशकातला : येते की. संक्रांतीची कर म्हणजे किंक्रांत. पंचांगात 'करिदिन' छापतात, धुळवडीलाही तोच शिक्का. शुभकार्य नाही, नवं काही आरंभायचं नाही. म्हणून करीला 'साजरी' म्हणणं मला खटकतं, कर पाळायची.

आणि क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर *रहाड* सोडून कसं चालेल? रहाड *उघडते*. हा पेशवेकाळापासूनचा दगडी बांधणीचा हौद, वर्षभर भर चौकात लाकडाखाली नि मातीखाली बुजलेला. वरून रिक्षा जातात, नवख्याला पत्ता नसतो. रंगपंचमीला माती काढायची, लाकडं उचलायची, पूजा करायची, रंग कालवायचा आणि मग *धप्पा*. धप्पा म्हणजे नुसती उडी नव्हे. अंग असं टाकायचं की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. पाणी कमी उडालं की काठावरून "हा धप्पा होता का रे?" शब्द आवाजावरून आला असावा, हा आपला माझा अंदाज. एकदा मी नवा बनियन घालून उतरलो होतो. आईनं तीन पाण्यांनी धुतला आणि शेवटी फडक्यांच्या गाठोड्यात टाकला.

उपनगरकर : 'रहाड' स्त्रीलिंगीच ना? मंडळी 'रहाडात' लिहितात.

जुन्या नाशकातला : ती रहाड, त्या रहाडी, रहाडीत. 'रहाडात' लिहिणारा काठावरूनच परत गेलेला असणार.

पंचवटीतली आई : मग आमच्या घरचं असं ठरलं. 2025 ला रंगपंचमी 19 मार्चला होती आणि चिमणी दिन 20 ला. म्हणजे त्या वर्षी तो रंगपंचमीची करच! लेक गुलाबी कानांनी शाळेत गेली होती, आणि बाईंनी चिमण्यांसाठी तिला वाटीभर तांदूळ आणायला सांगितलं होतं. ती म्हणते, चिमणीचं क्रियापद 'टाकणे'. दाणे टाकतात ना!